दोन बोटं उघडं दार

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही प्रयोगशाळेची नाही. तिथल्या वहीत आकडे लिहायचे असतात, माणसांसाठी तिच्यात रकाना नाही. मला आजपासून एका माणसाविषयी लिहून ठेवायचं आहे, म्हणजे उद्या कोणी विचारलंच तर तारीख-वारासकट समोर ठेवता येईल.

आमच्याकडे नवी बाई आली आहे. पस्तिशीची, जाड चष्मा, बोलणं कमी, बघणं जास्त. सरांनी ओळख करून दिली, "हे आमचे काका. एकतीस वर्षं हेच मोजतात." तिने नमस्कार केला आणि माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघितलं. मी तिथेच कान टवकारले.

तिला काम दिलंय माझ्याच वेलीचं. इमारतीच्या मागच्या भिंतीवर एक जंगली वेल आहे, जाड पानांची, चवीला कडू. तिचा पाला सावलीत वाळवून त्याचा अर्क काढणारा पहिला माणूस मी. अर्कात किती दम आहे ते मोजायची रीत सोपी आहे. एक जांभळं द्रावण असतं, त्यात अर्क घालायचा. अर्क जितका गुणी असेल तितका जांभळा रंग उतरतो. अर्ध्या तासाने नळी यंत्रात धरायची आणि शंभरातला किती रंग गेला ते वाचायचं. यालाच लोक अँटिऑक्सिडंट म्हणतात आणि बाटलीवर छापून विकतात.

जानेवारीत माझे आकडे आले ४२, ४४, ४३. सर म्हणाले, "काका, पन्नासच्या वर न्या. मग आपण निबंध छापू आणि या वेळी तुमचं नाव घालू."

एकतीस वर्षांत इथून सव्वीस निबंध छापून गेले. प्रत्येकात हात माझा, नाव एकातही नाही. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ असते, 'प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचे आभार'. ते सहकारी म्हणजे मी. सप्टेंबरात मी निवृत्त होतोय. बायकोने छापलेलं पान लावायला भिंतीत खिळासुद्धा ठोकून ठेवलाय.

आणि आता ऐन वेळी ही बाई. सर म्हणतात, पडताळणीसाठी आणली. एकतीस वर्षं माझी पडताळणी लागली नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

बाईने स्वतःची पेटी आणली आहे, पुठ्ठ्याची, आतून काळी. वर टाकायला काळं फडकं. तिच्या नळ्या त्या पेटीत, फडक्याखाली. कोणाला काही दिसू नये असा बंदोबस्त. सरळ काम करणाऱ्याला फडकं कशाला लागतं?

माझ्या नळ्या नेहमीसारख्या भिंतीतल्या लाकडी कपाटात. द्रावणाला उजेड चालत नाही, अर्धा तास अंधारात ठेवायचं, हे मला कोणी शिकवायला नको. पण आज नळ्या ठेवल्या आणि मनात आलं, आपण समोर टेबलाशी बसून पाला कुटणार, पाठीमागे हिने कपाट उघडून एखादा थेंब इकडचा तिकडे केला तर? म्हणून दार दोन बोटं उघडं ठेवलं आणि माझी खुर्ची अशी फिरवली की फटीतून नळ्यांची पुढची रांग नजरेत राहावी. कपाट खिडकीसमोरच आहे, त्यामुळे आतलं स्वच्छ दिसतं.

आकडा आला ५८!

दोनदा वाचला. यंत्र पुसून पुन्हा वाचला. ५८च. हात धुऊन आलो आणि वेलीकडे जाऊन तिला चक्क हात लावला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज ६०. सरांनी पाठीवर थाप मारली. बाईचा आकडा ४३.

माझा साठ, तिचा त्रेचाळीस. त्याच वेलीचा पाला, तोच कुटलेला, तोच अर्क. याचा अर्थ एकच. तिला माझा आकडा खाली ओढायचाय. साठ तिनेच शोधले असं दाखवायचा डाव असेल, किंवा माझ्या कामात खोट दाखवून माझी जागा पटकावायचा. दोन्हींपैकी कोणता ते कळेलच.

दुपारी जवळ येऊन म्हणाली, "काका, तुम्ही कंट्रोल आधीच वाचून ठेवता का?"

कंट्रोल म्हणजे अर्क न घातलेलं नुसतं जांभळं द्रावण. मूळ रंग किती होता हे त्यावरून कळतं. स्टँडला सोळा भोकं, सोळाही अर्कांना लागतात, म्हणून मी कंट्रोल तयार झाल्या झाल्या वाचतो आणि ओतून देतो. ही युक्ती माझी स्वतःची.

म्हटलं, "एकतीस वर्षं असंच करतोय."

"नाही, तसं नाही हो. कंट्रोल जर बाकीच्या नळ्यांबरोबरच अर्धा तास—"

"माझ्या स्टँडला सोळाच भोकं आहेत," म्हणालो आणि वही मिटली. चार दिवसांची पाहुणी आणि मला नळ्या मांडायला शिकवते.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज आभाळ भरून आलं होतं. बाई रजेवर. आकडा ४७!

ती नसताना आकडा कसा पडला, यावर सकाळपासून विचार केला. उत्तर सापडलं. शुक्रवारी जायच्या आधी ती द्रावणाच्या बाटलीशी उभी होती, मी पाहिलं होतं. तेव्हाच काहीतरी घातलं असणार. रजा मुद्दाम घेतली, म्हणजे संशय नको. हुशार आहे, पण मी काही दुधखुळा नाही.

घरी हिला सगळं सांगितलं. ती शिवणयंत्रावर बसली होती, दोन्ही कानांनी ऐकत होती की एकाच, ते कळलं नाही. म्हणाली, "अहो, तिचं तुमच्याशी काय वाकडं असणार?"

म्हटलं, "तेच तर शोधतोय."

आमच्या पुढच्या खोलीच्या पडद्याचा रंगही गेला आहे. गेल्या वर्षी हिने शिवलेला, गर्द वांगी रंगाचा. आता पाणी घातलेल्या चहासारखा दिसतो. लाँड्रीवाल्याचं काम हे, नक्की. ही म्हणते, "तो पडदा लाँड्रीत कधी गेलाच नाही." मग घरात कोण धुतं ते पाहायला हवं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ऊन कडक. आकडा ६१. बाई दिवसभर पेटीत तोंड घालून. तिचा आकडा ४२. मी वहीतून वर बघितलं तेव्हा ती माझ्या कपाटाकडे बघत होती. नजरानजर होताच चष्मा पुसायला लागली.

अजून एक. मागच्या रांगेतल्या नळ्यांचे आकडे पुढच्या रांगेपेक्षा कमी येतात. पुढची रांग मला खुर्चीतून दिसते, मागची दिसत नाही. म्हणजे तिचा हात कुठे फिरतो ते उघड आहे. आता चांगल्या अर्कांना पुढे ठेवतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाईने खिडकीचा पडदा ओढून घेतला. म्हणाली, डोळ्यांवर ऊन येतं. ऊन तिच्या टेबलावर येतच नाही, माझ्या कपाटावर येतं. मी उठलो आणि पडदा पुन्हा सरकवला. तिने पुन्हा ओढला नाही. नुसती बघत राहिली, एखाद्या आजारी माणसाकडे बघतात तशी. ते मला फार लागलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सापडली!

नळ्या कपाटात ठेवल्या, दार दोन बोटं उघडं, माप म्हणून बोटं लावून पाहिली. सरांनी बोलावलं म्हणून वर गेलो. दहा मिनिटांत परतलो तर दार घट्ट बंद. खोलीत ती एकटी.

"दाराला हात कोणी लावला?"

"मी लावलं," म्हणाली. अजिबात लाज नाही. "काका, दार उघडं राहिलं ना, की—"

"माझ्या कपाटाशी तुमचं काय काम?"

"काही नाही. फक्त एवढंच सांगायचं होतं, ऊन सरळ—"

मी ऐकून घेतलं नाही. चहाला निघून गेलो. माझं दार तिला का खुपतं ते मला ठाऊक आहे. त्या फटीतून मी पहारा देतो, तोच तिला नकोय.

आणि आकडा किती आला? ४६. ज्या दिवशी तिचा हात लागला त्या दिवशी आकडा पडला. याहून पुरावा तो काय हवा! प्रयोगशाळेच्या वहीत लाल शाईने खूण केली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज कपाटाच्या बिजागरीला केस चिकटवून ठेवला. माझाच, पांढरा. संध्याकाळी केस जागेवर होता. आकडा ५९. म्हणजे आज हात लावला नाही. कळलंय तिला की मी डोळ्यांत तेल घालून बसलोय.

सरांनी निबंध लिहायला घेतला. आकडा साठ धरायचा ठरलं. मी भीत भीत विचारलं, "सर, नावाचं..." सर म्हणाले, "तुमचं नाव तिसरं."

तिसरं! घरी येऊन हिला सांगितलं. तिने शिवण थांबवून तोंड गोड केलं. मला जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता. नंतर मात्र अस्वस्थ वाटत राहिलं. बाईचे त्रेचाळीस सरांच्या टेबलावर पडलेत. त्या आकड्याने माझ्या नावात पाचर मारली तर?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सरांना पत्र दिलं. दोन पानी. 'सदर संशोधिका दुसऱ्याच्या प्रयोगात हस्तक्षेप करतात, असे माझ्या निदर्शनास आले आहे.' तारखा दिल्या, १० आणि १९. द्यायच्या आधी दोनदा उघडून वाचलं. पण खरं ते खरं.

४ मार्च, मंगळवार

सरांनी दोघांना समोर बसवलं. तिला विचारलं, "तुम्ही काकांच्या कपाटाला हात लावला?"

"हो. दार लावलं."

"न विचारता?"

"विचारलं असतं तर लावू दिलं नसतं."

सरांनी हात वर केले. "संपलं मग. कबूल आहे म्हणतात." त्यांना साठ हवे होते, हे मला तेव्हाही दिसत होतं, लिहून ठेवतो. तिने एक कागद पुढे केला, दोन रकाने काढलेले. सरांनी तो माझ्याकडे सरकवला. मी न वाचता घडी घालून खिशात टाकला. तिची महिन्याभराची मुदत संपतेय, ती वाढवायची नाही असं ठरलं.

बाहेर जिन्यात ती थांबली होती. म्हणाली, "काका, माझं जाऊ द्या. पण एकदा, फक्त एकदा, कंट्रोल कपाटात ठेवून बघा."

मी जिना उतरून गेलो. जिंकलेल्या माणसाला जसं वाटायला हवं तसं वाटत नव्हतं. पित्त असेल.

७ मार्च, शुक्रवार

बाई गेली. पेटी घेऊन गेली, काळं फडकं धुऊन, घडी करून टेबलावर ठेवून गेली. मला कशाला हवंय तिचं फडकं? सर म्हणाले, निबंध आजच रवाना केला.

१० मार्च, सोमवार

निबंधामागून अजून एक तक्ता पाठवायचाय, म्हणून नळ्या पुन्हा लावल्या. आता पहारा कोणावर द्यायचा? दार आपलं जुन्या सवयीने लावून टाकलं.

४३!

गेली ती गेली, जाता जाता बाटली नासवून गेली. द्रावण ओतून दिलं.

१२ मार्च, बुधवार

नवी बाटली, सील माझ्या हाताने फोडलं. दार बंद. ४२.

मग पाला बदलला असेल. डब्यातला वाळलेला पाला तिने बदलला असेल.

१३ मार्च, गुरुवार

सकाळी स्वतः वेलीखाली उभा राहिलो, स्वतः पानं तोडली, वाळवणीच्या पेटीत वाळवली, कुटली, गाळली. खोलीत माझ्याशिवाय कोणी नाही. माशीसुद्धा नाही. दार बंद.

४४.

आता कोणावर संशय घ्यायचा? यादीत मी एकटाच उरलोय.

१५ मार्च, शनिवार

सुट्टी. पुढच्या खोलीत वाचत बसलो होतो, वाचलं काहीच नाही. ही पडदा उतरवून उसवत होती, त्याची उशांची खोळ करायची म्हणून. खालची दुमड उसवली आणि आतून कापड निघालं गर्द वांगी, नव्या कोऱ्यासारखं. बोटभर पट्टी. बाकी सगळा पडदा विटलेला.

"हे बघा तुमच्या लाँड्रीवाल्याचं काम," ही म्हणाली. "दुमडीत ऊन पोचलं नाही. बाकीचा खाल्ला उन्हाने. माझ्याकडे बघताय काय असे?"

मी त्या पट्टीकडे बघत होतो. कपाट खिडकीसमोर आहे. पुढची रांग उन्हात, मागची सावलीत. आभाळ आलं तेव्हा ४७. तिने दार लावलं तेव्हा ४६. आणि कंट्रोल मी अर्धा तास आधीच वाचून ओतून देत होतो, उन्हाने किती रंग खाल्ला ते सांगायला मागे कोणी उरतच नव्हतं.

हिला म्हटलं, "ती पट्टी मला दे."

"कशाला?"

पट्टी घडी घालून या वहीत ठेवली.

१७ मार्च, सोमवार

एकामागून एक दोन स्टँड लावले. एक दार बंद करून, एक दोन बोटं उघडं ठेवून. दोन्हींत एकेक कंट्रोल, अर्काचा थेंब नसलेला.

बंद: वेल ४३. कंट्रोलचा रंग जशाचा तसा.

उघडं: वेल ६०. कंट्रोलचा तीस टक्के रंग उडालेला. त्यात पाला नव्हताच. नुसतं ऊन होतं.

खिशातून तिचा कागद काढला. चार तारखेपासून त्याच कोटाच्या खिशात होता. दोन रकाने, 'दार उघडे', 'दार बंद', समोर माझेच आकडे. खाली एक ओळ: 'काकांचा हात अगदी स्थिर आहे, जानेवारीचे त्यांचे आकडे बरोबर आहेत.'

तिला फोन लावला. म्हटलं, "मी काका बोलतोय." तीच म्हणाली, "कंट्रोल ठेवलात ना कपाटात?"

"तुम्हाला कळलं होतं, तर मला सांगितलं का नाही?"

ती म्हणाली, "तीनदा सांगितलं, काका."

फोन ठेवला आणि ही वही मागे उलटत गेलो. सहा फेब्रुवारी. एकोणीस फेब्रुवारी. चार मार्च. माझ्याच अक्षरात, तारीख-वारासकट. मला माझीच शिसारी आली.

१८ मार्च, मंगळवार

सरांना दोन्ही स्टँडचे आकडे दाखवले. म्हटलं, निबंध परत मागवा, आणि त्या बाईंना परत बोलवा.

सर म्हणाले, "काका, त्रेचाळीस कोण छापणार? साठ तुम्हीच दिलेत. आणि बघायला कोण येतंय?"

"सर, मी महिनाभर बघण्याशिवाय दुसरं काही केलेलंच नाही."

ते हसले नाहीत. मी म्हटलं, "मग माझं नाव काढा." त्यांनी पेन उचलून तक्त्यासोबत पाठवायच्या प्रतीतलं नाव खोडलं. इतक्या सहज, की त्यांना तेच हवं होतं असा संशय आला. पण तो संशय मी इथेच सोडून देतो. संशय घ्यायची माझी पत संपली आहे.

घरी सांगितल्यावर ही भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुम्ही केलंत ते बरोबर केलंत." मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

३० मे, शुक्रवार

निबंध छापून आला. आकडा ६०. शेवटी बारीक अक्षरात, 'प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचे आभार'.

नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं, पाचव्यांदा पाठवलं. मोजणारा मी होतो, दार मी उघडं ठेवलं, कंट्रोल आधी वाचायची पद्धत माझी, खरा आकडा ४३. ही चूक ज्यांनी वेळेवर दाखवली त्यांचं मी ऐकलं नाही आणि त्यांची जागा घालवली. सोबत दोन्ही स्टँडचे आकडे आणि तिच्या त्या कागदाची प्रत.

सरांना पत्राची प्रत दिली. यापुढे माझ्याशी बोलू नका म्हणाले.

४ सप्टेंबर, गुरुवार

दुरुस्ती छापून आली. अर्धं पानसुद्धा नाही, सहा ओळी. मधे ४३. खाली दोन नावं. आधी तिचं, असं मी पत्रात मागितलं होतं. मग माझं.

एकतीस वर्षांत छापलेल्या कागदावर माझं नाव आज पहिल्यांदा आलं, ते 'चूक' या शब्दाच्या बरोबर खाली.

तिला एक प्रत टपालाने पाठवली. ती आता दुसऱ्या शहरात शिकवते. इकडे परत येणार नाही म्हणाली, आणि मी आग्रह कोणत्या तोंडाने करणार? सोबत तिचं काळं फडकंही पाठवणार होतो. शेवटी ते माझ्याच कपाटाच्या दारावर लावलं. तीन आठवड्यांनी मी जाईन, ते राहील.

दुसरी प्रत घरी आणली. हिने चष्मा लावून सहाही ओळी वाचल्या. बोट फिरवत माझ्या नावापाशी आली आणि तिथे थांबली.

"फ्रेम करू का?" तिने विचारलं.

नाही म्हणणार होतो. पण खिळा फेब्रुवारीपासून वाट बघतोय, आणि तीही.

"कर," म्हणालो. "पण त्या खिळ्यावर नको. तिथे ऊन येतं."